जाहीरनाम्याचे दावेदार

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 4 जुलै 2026 ही अडीचशे वर्षांची तारीख, आणि ती जवळ येत गेली तसा तिथला एक जुना वाद पुन्हा उसळला आहे. अमेरिकन कोणाला म्हणायचे? एका पक्षाचे म्हणणे असे की अमेरिका हे तत्त्वांवर उभे राहिलेले राष्ट्र आहे. तिथे कूळ, धर्म, मूळ गाव विचारत नाहीत. सर्व माणसे समान आहेत हे मानले, कायद्याचे राज्य पाळले, की माणूस अमेरिकन झाला. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी 1944 मध्ये तिथल्या काळ्या-गोऱ्यांच्या प्रश्नावर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात या श्रद्धेला ‘अमेरिकन क्रीड’ म्हटले आणि अभ्यासकांच्या चर्चेत ते नाव रुळले. दुसऱ्या पक्षाला हे सगळे पुस्तकी वाटते. सॅम्युएल हंटिंग्टन यांनी 2004 मध्ये मांडले की ही तत्त्वे इंग्रज प्रॉटेस्टंट वसाहतवाल्यांच्या संस्कृतीतून आली. ती संस्कृती विरली की तत्त्वेही टिकायची नाहीत. तिसरा पक्ष विचारतो, कसली तत्त्वे आणि कसली संस्कृती? समतेचे वाक्य लिहिणाऱ्या टॉमस जेफर्सन यांच्या मालकीचे हयातभरात सहाशेवर गुलाम होते. पाया वंशवर्चस्वाचा, वरची सगळी रंगरंगोटी.

तिन्ही पक्षांकडे पुरावा आहे, आणि तरी तिघांचेही उत्तर मला अपुरे वाटते. तत्त्वे म्हणाल तर ती अमेरिकेने शोधलेली नाहीत. राज्यसत्ता जनतेच्या संमतीने चालते आणि जुलमी राज्यकर्त्याला हटवण्याचा अधिकार जनतेला असतो, हे इंग्लंडात जॉन लॉक जवळजवळ शंभर वर्षे आधी लिहून बसला होता. ती पाळण्यात अमेरिका इतरांच्या पुढे होती असेही नाही. ब्रिटनने आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी 1833 च्या कायद्याने मोडीत काढली, अमेरिकेला त्यासाठी 1865 पर्यंत थांबावे लागले आणि सहा लाखांहून अधिक माणसे मारणारे यादवी युद्ध लढावे लागले. अमेरिकेचे वेगळेपण मला दिसते ते एका सवयीत. ज्यांना राष्ट्राबाहेर ठेवले गेले, त्यांनी राष्ट्राच्या स्थापनेचाच कागद पुढे करून आत येण्याचा दावा लावायचा. आणि ज्यांना दार बंद ठेवायचे आहे त्यांना त्याच कागदाचा वेगळा अर्थ लावावा लागतो, किंवा तो कागदच चुकला असे उघड म्हणावे लागते. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे उतारा जमिनीचा नसून ‘आम्ही’ या सर्वनामाचा आहे.

असे का व्हावे, याचे कारण जन्माच्या क्रमात आहे. बहुतेक ठिकाणी लोकसमूह आधी असतो, त्याची भाषा, देवळे, राजे, पराभव आणि गाणी असतात, आणि राज्यघटना मागाहून येते. अमेरिकेत कागद आधी आला. 1787 मध्ये घटनेची बाजू मांडताना जॉन जे यांनी ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतल्या दुसऱ्या लेखात असे लिहिले खरे, की देवाने हा देश एकाच पूर्वजांच्या, एकाच भाषेच्या, एकाच धर्माच्या लोकांच्या हवाली केला आहे. हंटिंग्टन यांच्या पक्षाचा हा आवडता पुरावा. पण स्वतः जे यांचे वडील फ्रेंच ह्यूगनो घराण्यातले आणि आई न्यूयॉर्कच्या डच घराण्यातली. पेनसिल्व्हेनियात जर्मन भाषिक इतके होते, की बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1751 मध्येच त्यांच्याविषयी कुरकुर करून ठेवली होती. 1790 च्या पहिल्या जनगणनेत मोजलेल्या सुमारे 39 लाख लोकांपैकी जवळजवळ 7 लाख गुलाम होते, म्हणजे दर सहा माणसांत एकाहून अधिक. त्यांचे पूर्वज जे यांच्या हिशेबात धरलेलेच नव्हते. मूळ रहिवाशांना तर जनगणनेने सोडूनच दिले होते. एकजिनसी समाजाचे हे वर्णन मला वस्तुस्थितीपेक्षा वकिली वाटते : तेरा संस्थाने एक व्हावीत म्हणून, ती आधीपासूनच एक आहेत असे सांगणे त्यांना भाग होते.

एकराष्ट्रीयत्व किती हळूहळू मुरले, याची एक साक्ष आपल्या संविधान सभेत निघाली होती. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेम्स ब्राइस यांच्या अमेरिकेवरील ग्रंथातला एक किस्सा सांगितला. तिथल्या प्रॉटेस्टंट एपिस्कोपल चर्चने आपल्या प्रार्थनांची फेररचना करताना ‘हे प्रभो, आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे’ अशी प्रार्थना सुचवली. ती एका दुपारी मान्यही झाली; पण दुसऱ्या दिवशी सामान्य सदस्यांनी ‘राष्ट्र’ या शब्दालाच हरकत घेतली, एवढी एकी आम्ही मान्य केलेली नाही म्हणाले, आणि अखेर ‘या संयुक्त संस्थानांना आशीर्वाद दे’ यावर तडजोड झाली. अमेरिकेतल्या लोकांनाच आपण राष्ट्र आहोत असे वाटत नव्हते, तर हजारो जातींत विभागलेल्या भारतीयांनी स्वतःला राष्ट्र समजणे हा भ्रम आहे, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. उलट बाजूने तो किस्सा अमेरिकेविषयीही बरेच सांगतो. घटना होती, अध्यक्ष होते, सैन्य होते. आशीर्वाद कोणासाठी मागायचा हे मात्र ठरत नव्हते.

अशा ठिकाणी निष्ठा कशावर बसवायची? अमेरिकेने ती कागदावर बसवली. अध्यक्षाच्या शपथेचे शब्द घटनेतच लिहिलेले आहेत, आणि ती शपथ आहे घटनेचे जतन, रक्षण आणि बचाव करण्याची. सैन्यातला शिपाई आणि नव्याने नागरिक होणारा माणूसही घटनेच्याच पाठीशी उभे राहण्याची शपथ घेतो. ब्रिटनमध्ये ती राजाच्या नावाने घेतात. आपल्या तिसऱ्या अनुसूचीतली शपथ संविधानावरील निष्ठेची आहेच, पण 1963 च्या घटनादुरुस्तीने तिच्यात देशाची सार्वभौमता आणि अखंडता यांची भर घातली, म्हणजे कागदाच्या शेजारी भूमीही आली. अमेरिकेत कागदाला मिळणारा मान जवळजवळ देव्हाऱ्यातला आहे. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 26 डिसेंबर 1941 रोजी, जाहीरनाम्याची आणि घटनेची मूळ प्रत रेल्वेने केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, सोन्याच्या साठ्याजवळ ठेवायला रवाना झाली. 1952 मध्ये या प्रती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हलवल्या त्या लष्कराच्या चिलखती गाडीतून, बँडच्या साथीने. जाहीरनाम्याची शाई आता इतकी उडाली आहे की काचेपलीकडे धड काही वाचता येत नाही, आणि तरी लोक रांग लावून तो पाहून जातात. देवदर्शनाची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही.

आता तिसऱ्या पक्षाचा आक्षेप, कारण तो सर्वांत वजनदार आहे. ज्या पिढीने समतेचा जाहीरनामा काढला तिनेच 1787 च्या घटनेत प्रतिनिधित्वासाठी गुलामांना तीन-पंचमांश मोजले, पळालेला गुलाम परत देण्याची सक्ती केली आणि 1808 पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी येणार नाही याची सोय केली. पहिल्याच काँग्रेसने 1790 मध्ये ठरवले की परदेशातून येणाऱ्यांपैकी नागरिक होता येईल फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला. हे अपवाद नव्हते, हा राज्याचा कारभारच होता. राज्यशास्त्रज्ञ रॉजर्स स्मिथ यांनी 1997 मध्ये दाखवून दिले आहे की अमेरिकन नागरिकत्वाच्या कायद्यांत उदारमतवादाइतकीच वंश आणि लिंग यांवरून उच्चनीच ठरवण्याची परंपराही खोल आहे. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे : हे दोन प्रवाह एकमेकांशी भांडले ते कुठल्या भाषेत?

1852 ते 1861 या दशकात या भांडणाचे चारही कोन एकदम दिसतात. विल्यम लॉइड गॅरिसन हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक. त्यांनी 4 जुलै 1854 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या सभेत घटनेची प्रत जाळली. गुलामगिरीशी तह करणारा कागद भस्मच व्हायला हवा, असे त्यांचे मत. मनुस्मृतीचे दहन माहीत असलेल्या वाचकाला ही कृती परकी वाटणार नाही. त्यांचेच एकेकाळचे सहकारी फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेले. पण त्यांनी उलटी वाट धरली. रोचेस्टर इथे 1852 साली त्यांना स्वातंत्र्यदिनाच्या भाषणाला बोलावले, तेव्हा ते मुद्दाम 4 ऐवजी 5 जुलैला बोलले आणि हा सण तुमचा आहे, माझा नाही, असे श्रोत्यांना तोंडावर सुनावले. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. त्याच भाषणाच्या शेवटी मात्र ते म्हणतात की घटना नीट वाचली तर ती स्वातंत्र्याचीच सनद आहे. तिच्यात ‘गुलाम’ हा शब्द कुठे आहे ते दाखवा. तो खरोखरच नव्हता. घटनाकारांनी लाजेपोटी म्हणा, धूर्तपणे म्हणा, ‘इतर व्यक्ती’ असे आडून लिहिले होते, आणि त्या आडपडद्याचा डग्लस यांनी शिडीसारखा उपयोग केला.

दार बंद ठेवणाऱ्यांचेही दोन मार्ग झाले. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी 1857 च्या ड्रेड स्कॉट निकालात कबूल केले की जाहीरनाम्याचे शब्द वरवर पाहता सर्व मानवजातीला लागू होतात. पण लिहिणाऱ्यांच्या मनात काळे लोक नव्हतेच, म्हणून ते कधी नागरिक होऊ शकत नाहीत. म्हणजे शब्द ठेवले, अर्थ आवळला. दक्षिणेच्या बंडखोर राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांना मात्र हा द्राविडी प्राणायाम पुरला नाही. मार्च 1861 मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना इथे ते सरळ बोलले : जेफर्सन आणि त्यांच्या पिढीतले बहुतेक मुत्सद्दी गुलामगिरीला चूक मानत होते, आणि तिथेच ते चुकले, आमच्या नव्या राज्याची कोनशिला वंशांची असमानता हीच आहे. दक्षिणेची नवी घटना बऱ्याच अंशी जुनीचीच नक्कल होती, पण जुनीने टाळलेला शब्द तिने न लाजता लिहिला. तत्त्वे ही नुसती रंगरंगोटी असती, तर गुलामगिरी टिकवण्यासाठी वेगळे राष्ट्र काढून संस्थापकांना खोटे पाडण्याची गरज काय होती? ज्या वाक्याला वजन नसते ते खोडायला कोणी तोफा ओढून आणत नाही.

जाहीरनामा हा काही कायदा नव्हे, त्याच्या आधारे कोर्टात दाद मागता येत नाही, असा यावर एक तांत्रिक आक्षेप आहे आणि तो बरोबरही आहे. म्हणूनच 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती मला 1776 इतकीच महत्त्वाची वाटते. अब्राहम लिंकन यांनी गेटिसबर्गला राष्ट्राचे वय 87 वर्षे मोजले, म्हणजे जन्मसाल घटनेचे न धरता जाहीरनाम्याचे धरले. चौदाव्या दुरुस्तीने भाषणातला तो जन्मदाखला कायद्यात उतरवला. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला आणि तिच्या कायद्याच्या कक्षेत असलेला तो नागरिक, आणि कायद्याचे समान संरक्षण प्रत्येक व्यक्तीला. हे ‘समान संरक्षण’ आपल्या संविधानाच्या 14 व्या अनुच्छेदात आले आहे ते तिथूनच. दुरुस्तीच्या जोरावर सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क हा स्वयंपाकी 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. त्याचे आईवडील चिनी. चिनी मजुरांना यायला 1882 पासून बंदी, चिन्यांना नागरिक व्हायला तर मुभाच नाही. तरी मुलगा जन्माने अमेरिकन ठरला. ज्या देशात चिनी वस्त्या जाळल्या जात होत्या, तिथे सहा न्यायाधीशांनी विरुद्ध दोन असा हा निकाल दिला, तो चिन्यांवरच्या प्रेमाने खचितच नव्हे. शब्द मोडता येत नव्हते म्हणून.

जिथे शब्द मोडता येत होते तिथे काय झाले, ते भारतीयांनी भोगले आहे. 1790 चा कायदा 1870 मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी सैल झाला, पण आशियाई माणूस या दोन्ही रकान्यांत बसत नव्हता. अमृतसरचे भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात भरती झालेले, धर्माने शीख. नागरिकत्वासाठीच्या त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढच्या प्रश्नात मात्र त्यांचे वर्णन होते ‘उच्चवर्णीय हिंदू’. त्यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे स्वतः नागरिकत्व मिळवलेले भारतीय होते. युक्तिवाद असा झाला की थिंड आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे. आणि भारतातले उच्चवर्णीय तिथल्या मूळ जमातींकडे त्याच नजरेने पाहतात ज्या नजरेने अमेरिकन लोक निग्रोंकडे पाहतात, निदान सोयरिकीच्या बाबतीत. जातिव्यवस्थाच लायकीचा दाखला म्हणून पेश झाली. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी फेब्रुवारी 1923 मध्ये तो फेटाळला : शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपान्याला याच न्यायमूर्तींनी, रंग उजळ असला तरी तू कॉकेशियन नाहीस, असे सांगून नागरिकत्व नाकारले होते. गंमत अशी की सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले. या निकालानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. पंडित स्वतःवरचा खटला जिंकले, पण वैष्णो दास बगाई यांच्यासारखे व्यापारी देशोधडीला लागले. बगाई यांनी 1928 मध्ये आत्महत्या केली. भारतीयांना नागरिकत्वाची वाट मोकळी व्हायला 1946 उजाडले, आणि तेव्हाही नव्याने येणाऱ्यांना वर्षाला शंभरचाच कोटा.

थिंड खटल्याच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक युनायटेड स्टेट्समधल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यात औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. दूर पुण्यात बसून त्यांनी अमेरिकेत जे पाहिले, ते थिंड यांच्या वकिलांना प्रत्यक्ष अमेरिकेत राहून दिसले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो अन्याय होईल. वकिलाला समोर असलेल्या कायद्यावर बोलावे लागते, आणि कायदा समतेविषयी विचारत नव्हता, रंगाविषयी विचारत होता. मला यातून दिसते ते असे, की अमेरिकेत आत जाण्याची दोन दारे होती. एक जाहीरनाम्याचे, जिथे ‘सर्व माणसे’ या शब्दांवर बोट ठेवता येत होते. दुसरे 1790 च्या कायद्याचे, जिथे मी त्यांच्यासारखा नाही, तुमच्यासारखा आहे, असे सिद्ध करावे लागे. डग्लस, 1848 मध्ये सेनेका फॉल्सला जाहीरनाम्याच्याच साच्यात स्त्रियांची सनद लिहिणाऱ्या बायका, आणि 1963 मध्ये संस्थापकांनी दिलेला चेक न वटता परत आल्याचे सांगणारे मार्टिन ल्यूथर किंग हे पहिल्या दारावर उभे राहिले. त्यांना वेळ लागला, पण त्यांनी दार उघडले ते मागून येणाऱ्यांसाठीही. 1965 चा स्थलांतर कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्याच लाटेवर मंजूर झाला, आणि आज न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत गणपती बसवणारा बहुतेक मराठी माणूस त्या दारानेच आत गेला आहे. बेळगावचे श्री ठाणेदार 2023 पासून अमेरिकी प्रतिनिधिगृहात बसतात. जन्माची अट मूळ घटनेने एकाच पदाला घातली, ते अध्यक्षपद.

पण हे फक्त अमेरिकेतच घडते का? फ्रेंचांनी 1789 मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. हो ची मिन्ह यांनी 2 सप्टेंबर 1945 रोजी हनोईत व्हिएतनामचे स्वातंत्र्य घोषित करताना जेफर्सन यांच्याच वाक्यापासून सुरुवात केली. वाक्य जगभर गेले, काम वेगवेगळे केले. व्हिएतनामी कोण, हे ठरवायला हो ची मिन्ह यांना ते वाक्य नको होते. ते जगाला, विशेषतः अमेरिकेला ऐकवायचे होते. फ्रान्सने त्यानंतर दोन साम्राज्ये आणि पाच प्रजासत्ताके पाहिली, घटना पुनःपुन्हा बदलल्या, आणि तरी फ्रान्स फ्रान्स राहिला. उद्या अमेरिकेची घटना रद्द झाली तर उरेल त्याला काय म्हणायचे, हे सांगणे अवघड आहे. आपले उदाहरण अधिक जवळचे. संविधानाने अस्पृश्यतेचे नाव घेऊन ती नष्ट केल्याचे 17 व्या अनुच्छेदात लिहिले, आणि दलित चळवळ संविधान हाती घेऊन उभी राहते तेव्हा ती डग्लस यांच्या वाटेनेच चाललेली असते. पण भारतीय असण्याचे दावे संविधानाबाहेरूनही होतात : भूमीवरून, सभ्यतेवरून, स्वातंत्र्यलढ्यातल्या सहभागावरून. शिवाय आपले संविधान लवचिक आहे. शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या. अमेरिकेत अडीच शतकांच्या जवळपास काळात 27 झाल्या, शेवटची 1992 मध्ये. कागद बदलणे जवळजवळ अशक्य, म्हणून सगळी लढाई अर्थ लावण्यावर येते, आणि नऊ न्यायाधीशांच्या नेमणुकीवर देश दुभंगतो.

तत्त्वावर ओळख बांधण्याची किंमतही असते, आणि तत्त्ववादी पक्ष ती सहसा सांगत नाही. जन्माने मिळालेली ओळख मतावरून जात नाही. श्रद्धेवर उभी असलेली जाऊ शकते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने 1938 मध्ये नागरिकांच्या ‘अन-अमेरिकन’ हालचाली तपासण्यासाठी समिती नेमली आणि ती 1975 पर्यंत चालवली. 1947 मध्ये हॉलिवूडच्या पटकथाकारांना तिच्यापुढे उभे करून कम्युनिस्ट आहात का, असे विचारले. उत्तर नाकारणारे तुरुंगात गेले. हे पाखंडी शोधण्याचे काम होते. गमतीचा भाग असा की त्यावरचा उताराही तिथल्याच घटनेतून निघाला : 1943 मध्ये ऐन युद्धात सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातल्या यहोवाज विटनेसेस पंथाच्या शाळकरी मुलांच्या बाजूने निकाल देऊन झेंड्याला सक्तीने वंदन करायला लावता येणार नाही, असे सांगितले. या निकालाची तारीख होती 14 जून, तिथला ध्वजदिन.

माझ्या मांडणीला खरी अडचण होते ती मूळ रहिवाशांमुळे. चेरोकी लोकांनी 1827 मध्ये जॉर्जियातल्या न्यू इकोटा इथे अमेरिकेच्या धर्तीवर स्वतःची घटना लिहिली, सिक्वोया यांनी घडवलेल्या लिपीत वर्तमानपत्र काढले. इतकेच काय, गुलामगिरी आणि काळ्यांना पदावर बंदी हेही उचलले. कागदाच्या भाषेत बोलण्याची शर्थ केली म्हणायची. 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जॉर्जियाविरुद्धचा निकालही त्यांच्या बाजूचा लागला, आणि तरी 1838 मध्ये संगिनींच्या धाकाने त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकलले; वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. याचे कारण उघड आहे : त्यांना राष्ट्रात शिरायचे नव्हते, त्यांना त्यांचे राष्ट्र हवे होते, आणि जमीन अमेरिकेला हवी होती. जाहीरनाम्यात तर त्यांचा उल्लेख राजाने आमच्यावर सोडलेले क्रूर रानटी लोक असा आहे. 1924 मध्ये सरसकट नागरिकत्व दिले, तेव्हा होडेनोशॉनी राष्ट्रांतल्या अनेकांनी ते नाकारले. त्यांचे दावे चालतात ते जुन्या तहांवर. 2020 मध्ये ओक्लाहोमाच्या पूर्व भागाविषयी मस्कोगी लोकांच्या बाजूने लागलेला निकाल 1830 च्या दशकातल्या तहावरच उभा आहे. समतेचे तत्त्व ‘आत या’ एवढेच म्हणू शकते. ‘आम्हाला आत यायचे नाही’ याला त्याच्याकडे उत्तर नाही.

सध्या जोरात असलेला आक्षेप मात्र दुसऱ्या टोकाचा आहे. जुलै 2024 मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना जे. डी. व्हान्स यांनी मांडले की अमेरिका ही नुसती कल्पना नव्हे. ते एका इतिहासाने बांधलेल्या लोकांचे घर आहे, आणि पूर्व केंटकीतल्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीचा त्यांनी दाखला दिला. माणसे कल्पनेसाठी लढत नाहीत, घरासाठी लढतात, हे त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. केवळ तत्त्वे पुरेशी असती तर तत्त्वे मानणारा जगातला प्रत्येक माणूस अमेरिकन ठरला असता. प्रश्न आहे तो पूर्वजांची कसोटी खरोखर लावली तर यादी कशी लागेल हा. गुलामांची आयात 1 जानेवारी 1808 पासून बंद झाली. त्यामुळे गुलामांच्या वंशजांपैकी बहुतेकांचे पूर्वज त्याआधीच अमेरिकेत आणले गेले आणि तिथल्याच मातीत गाडले गेले. 1880 ते 1920 या चाळीस वर्षांत दोन कोटींवर माणसे आली, त्यांत इटली, पोलंड, रशियाकडचे लोक फार. डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा जर्मनीतून 1885 मध्ये आले, आई स्कॉटलंडहून 1930 मध्ये. दफनभूमीच्या हिशेबाने अलाबामातला काळा शेतमजूर अध्यक्षांच्या पुढे कित्येक पिढ्या उभा राहतो. पूर्वजांची भाषा करणाऱ्यांना ही यादी नको असते. म्हणून 20 जानेवारी 2025 रोजी, बेकायदा किंवा तात्पुरत्या मुक्कामावर असलेल्यांच्या मुलांना जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारा आदेश ट्रम्प यांनी काढला, तेव्हा त्याचा आधार रक्त किंवा पिढ्या नव्हता. ‘तिच्या कायद्याच्या कक्षेत असलेला’ या 1868 च्या शब्दांचा सरकारला वाटणारा अर्थ, हा होता. आव्हान देणाऱ्या राज्यांचे आणि पालकांचे वकीलही त्याच शब्दांवर बोट ठेवून, वाँग किम आर्कचा निकाल हातात घेऊन न्यायालयात उभे राहिले.